ड्रायव्हरच्या शेजारची सीट

"तुम्हाला एपिलेप्सी आहे. आजपासून गाडी चालवायची नाही," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझ्या हातात गाडीची किल्लीच होती. एपिलेप्सी म्हणजे फेफरं. मेंदूतल्या विजेचा मध्येच गोंधळ उडतो आणि माणूस झटके देत कोसळतो, किंवा नुसताच काही क्षण हरवतो. वीस वर्षं मी कोल्हापुरातून गोव्याला, कोकणात पर्यटक नेले. दुसरं काम मला येत नाही.

ईईजी झाला, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढला. गोळ्या सुरू झाल्या. "वर्षभर एकही झटका आला नाही, तर पुढचं बघू," डॉक्टर म्हणाले. त्या 'बघू'वर मी दिवस ढकलू लागलो. माझी बायको नसीम गाडी शिकली आणि आमच्याच गाडीतून शाळेची मुलं ने-आण करू लागली. मी घरी बसून चिडायचो. चहा गोड झाला तरी भांडण, फिका झाला तरी भांडण.

अकराव्या महिन्यात मी माती खाल्ली. आमची गाडी घरामागच्या बोळात असते. आभाळ भरून आलं म्हणून ती पत्र्याखाली घ्यावी, एवढ्यासाठी मी चालू केली. पुढचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा गाडी भिंतीला धडकली होती, बंपर चेपला होता. आसपास कुणी नव्हतं. नसीमला सांगितलं, कुणीतरी ठोकून पळालं. तिने त्या 'कुणीतरी'चा पार उद्धार केला आणि मी मान डोलावत ऐकत राहिलो.

वर्ष भरलं. डॉक्टर मध्यंतरी सावंतवाडीला राहायला गेले होते, त्यामुळे तपासणी तिकडेच होती. "एक दिस आदी निगू. मला समुद्र बगायचाय," नसीम म्हणाली. लोकांना मी शेकडो वेळा समुद्रावर नेलं, तिला एकदाही नाही. सीझनमध्ये सवड नसायची आणि सीझन संपला की गाडीची कामं निघायची. या वेळी श्रावण होता, शाळेला दोन दिवस सुट्टी होती. मुलींना जयसिंगपूरला आजोळी सोडलं आणि निघालो.

आंबोलीत इतकं धुकं की पुढची गाडी दिसेना. मी शेजारी बसून हॉर्न दे, गिअर उतरव, असं सुरू केलं. "गप बसा की वो, न्हायतर मागं जाऊन झोपा," नसीम म्हणाली.

जेवायला थांबलो, तिथे मी सवयीने थेट मागे ड्रायव्हर लोकांच्या टेबलावर जाऊन बसलो. बायको पुढे एकटी बसली आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. ती पाणी पिऊन मागे आली. "ह्या टेबलावर आता माजा हक्क हाय, तुमचा न्हाय," म्हणाली आणि समोर बसली. हॉटेलचा मालक हसला, मीही हसलो. जेवण मात्र गेलं नाही.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. टपऱ्यांवर ताडपत्र्या, होड्या वर ओढून ठेवलेल्या, समुद्र गढूळ. मला किनारा फक्त पार्किंगपुरता माहीत. नसीम घोटाभर पाण्यात उभी राहून मोठ्याने हसत होती. "फुडल्या येळंला तुमी चालवा. मी पोरींना घिऊन मागं बसते."

"व्हय," मी म्हणालो आणि वाळूत येरझाऱ्या घालत राहिलो. डॉक्टरांना काय सांगायचं ते ठरलेलं होतं: काही झालं नाही. तरी पाय थांबत नव्हते. लॉजवर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी दवाखान्यात नंबर येईपर्यंत चार वेळा बाहेर जाऊन आलो. डॉक्टरांनी विचारलं, "मधल्या काळात काही त्रास? क्षणभर हरवल्यासारखं?"

मी तोंड उघडायच्या आत नसीमच म्हणाली, "न्हाय जी, एकदाबी न्हाय." तिच्या आवाजात अभिमान होता. तो मला ऐकवेना.

"झालं होतं," मी म्हणालो. "गाडीत. बंपर मीच ठोकला."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत. मी आज तुमच्या गोळ्या कमी करणार होतो." गोळी वाढली. वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं ठरलं.

ज्यांना हा आजार आहे त्यांना हात जोडून सांगतो, डॉक्टरांपासून काही लपवू नका. आपण सांगू त्यावरच त्यांचा हिशेब चालतो.

बाहेर आल्यावर नसीम गाडीत बसली, पण गाडी सुरू केली नाही. म्हणाली, "त्या बोळात आपली धाकटी सायकल फिरवती. रोज."

"ठावं हाय मला," मी म्हणालो. मला रडू आलं. तिने गाडी सुरू केली.

गाडी घाट चढू लागली. पहिलं वळण आठवतं, दुसरं आठवतं. मग मला झोप लागली. चालत्या गाडीत मी आयुष्यात पहिल्यांदा झोपलो. जाग आली तेव्हा गाडी आमच्या दारात बंद उभी होती. नसीम स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती.

"येऊन किती वेळ झाला?"

"झाला की तासभर," ती म्हणाली. "झोपा अजून."