खालचं पान

दोंडाईच्याजवळच्या आपल्या गावात जीवराम नानांचा विश्वास कुणावर होता, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. दुकानातून खताची गोणी आणली की ते शिवण उलटीपालटी करून बघत. कांतीलालशेठच्या दुकानात चहा आला, तर आधी शेठना घोट घ्यायला लावत. शेठ मारवाडी, गोड बोलणारे. हसत हसत घोट घेत आणि म्हणत, "नाना, तुमच्यामुळे माझा चहा डबल होतो." नाना हसत नसत.

अशा माणसाच्या घरी दिपमाला सून म्हणून आली. धुळ्याची, शेतीचं शिकलेली, आणि जगात कुणी लबाड असतं हे जिच्या गावीही नाही अशी. मिरचीवर दरसाल व्हायरस येई. पानं आकसत, झाड खुरटत आणि सगळं वावर उपटून टाकावं लागे. एका संशोधन केंद्राने दिपमालाला एक नवा प्रयोग करायला दिला. तिने नानांकडे मिरचीच्या वावराचा अर्धा तुकडा मागितला.

नाना म्हणाले, "जमनं ते पुढला साले बठ्ठं, सगळं वावर तुन्हं. नही जमनं ते परत नाव काढू नको."

ती रोपांच्या खालच्या पानांवर बाटलीतलं पाणी बोटाने चोळू लागली, तेव्हा नाना बांधावर हजर होतेच.

"काय चोयी राहिनी तू?"

"व्हायरसच आहे, नाना. पण दुबळा केलेला."

नानांच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्याच घरची सून आपल्याच वावरात रोग चोळते आहे! दिपमाला मात्र रंगात येऊन सांगत होती. झाडाच्या अंगात बचावाची जनुकं असतात, एरवी ती झोपलेली असतात. खालच्या पानाला शत्रूची चाहूल लागली की झाड तिथल्या आपल्याच पेशी मारून टाकतं, म्हणजे शत्रूला पुढे सरकायला जागाच उरत नाही. मग त्या पानातून वरच्या पानांना सांगावा जातो आणि तिथली जनुकं जागी होतात. पुढे खरा व्हायरस आला तरी झाड तयार असतं.

"पानावर तपकिरी ठिपके येतील. घाबरू नका. सांगावा पोचेपर्यंत ते पान झाडावर राहू द्या."

एवढं सांगून ती आईच्या आजारपणासाठी धुळ्याला गेली.

ठिपके आले. नानांनी ते पाहिले आणि त्यांचं डोकं फिरलं. उभ्या जन्मात त्यांनी डागाळलेलं पान झाडावर ठेवलं नव्हतं. डाग दिसला की पान खुडायचं आणि बांधापलीकडे जाळायचं, हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक होतं. पोरीला कुणीतरी बनवलं, असं ठरवून त्यांनी खालचं एकेक पान नखाने खुडलं. बाभळीखालची ओळ तेवढी राहिली, कारण तिथे गांधीलमाश्यांचं पोळं होतं आणि मागच्या वर्षीचा डंख नाना विसरले नव्हते. दिपमालाने परतल्यावर पानांचं विचारलं तेव्हा म्हणाले, "वाळीसन पडनात."

तिने मान डोलावली. तिला खरंच वाटलं.

पुढे माव्याची कीड पडली आणि तिच्यामागून व्हायरस आला. नानांचा तुकडा गेला. दिपमालाचाही गेला. बाभळीखालची ओळ तेवढी हिरवीगार, फुलांनी लगडलेली उभी राहिली. दिपमाला त्या ओळीशी बसली. एका झाडाचं खालचं ठिपकेवालं पान तिने हातात धरलं.

"इथेच का लागू पडलं, कळत नाही. चोळताना माझाच हात चुकला असेल," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही तर रोज राखलं होतं, नाना. पुढच्या वर्षी नाही नाव काढणार."

नानांनी जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला होता. आता ही पोर त्यांच्यावर साधा संशयही घेत नव्हती, आणि ते त्यांना सोसवेना.

"त्या पाने मीच तोडात, पोरी."

तिने हातातलं पान सोडलं. मग उठली, साडीची माती झटकली आणि इतकंच म्हणाली, "सांगावा तरी पोचू द्यायचा होता, नाना." त्या दिवशी ती जेवली नाही. नानाही जेवले नाहीत.

यंदा सगळं वावर दिपमालाचं आहे. खालच्या पानांवर पुन्हा ठिपके आलेत. नाना रोज सकाळी ओळीओळीने फिरतात, वाकून वाकून बघतात, तोंडाने पुटपुटत असतात. विश्वास बसला आहे असं काही नाही. पण दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले असतात, आणि वावराबाहेर पडेपर्यंत ते सोडत नाहीत.