मंडईच्या पाहुण्यांना ढेकीचा भात

ढेकी बसवताना मी उखळ वीतभर चुकीच्या जागी पुरलं, आणि तेही अर्धी गल्ली बघायला बोलावून.

ज्यांनी ढेकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक लांबलचक, जाडजूड लाकडी दांडा असतो, मध्ये आडव्या खुंटीवर तोललेला. त्याच्या एका टोकाला खाली तोंड केलेलं मुसळ आणि त्या मुसळाच्या बरोब्बर खाली जमिनीत पुरलेलं उखळ. दुसऱ्या टोकावर पाय दाबला की मुसळ वर जातं, पाय सैल सोडला की उखळातल्या धानावर येऊन पडतं. यात चुकण्यासारखं आहेच काय, असं मला वाटत होतं. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या, पाय दाबला, मुसळ मोठ्या ऐटीत वर गेलं आणि खाली आलं ते उखळाच्या शेजारी, मातीत. धान होतं तसंच राहिलं. तिथे दाणे टिपणारी कोंबडी तेवढी ओरडत कुंपणापार गेली.

लोक हसले, त्याचं मला काही वाटलं नाही. आई हसली नाही, त्याचं वाटलं. ती ओट्यावर बसून वांगी चिरत होती. विळी बाजूला ठेवून म्हणाली, "लोकाच्या ढेकीवर पाय मारता मारता तुले शाळेत धाडलं. आन् तू नोकरी लागल्यावर ढेकी घरी आणली."

मग उठून आली, मुसळ हाताने खाली टेकवून त्या जागेवर बोटाने खूण केली आणि मला पुन्हा खणायला लावलं.

आता गावात तांदळाची गिरणी असताना, आणि अंगणात मोटारसायकल उभी करायची आमची ऐपत होऊ घातली असताना, हे लाकडाचं धूड कशाला आणलं, ते सांगायला हवं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या बाजूचं, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात राहिलं; ऑफिस आरमोरीला, ते गडचिरोलीत गेलं. रोज सकाळी एसटीने वैनगंगा ओलांडून मी परजिल्ह्यात नोकरीला जायचो आणि संध्याकाळी स्वजिल्ह्यात जेवायला यायचो. जेवण कसं, तर पगारदाराच्या घरी शोभेल असं. गिरणीवाल्याला सांगून पुन्हापुन्हा पॉलिश करवून घेतलेला भात, इतका पांढरा की ताटात भात आहे की चुना, हे वास घेऊन ठरवावं. त्याला वास मात्र नव्हताच. भाजीला डब्यातलं वनस्पती तूप, चहाबरोबर बिस्किटं, मुलींना सकाळी पाव, मसाला पुडीतला. शेत बटईने दिलेलं होतं, त्याचं धान घरी यायचं आणि थेट गिरणीत जायचं. माझ्या लहानपणी आमच्याकडे कण्यांची पेज असायची. त्यामुळे पांढरा भात म्हणजे आपण वर आलो, अशी आमची सर्वांची खात्री होती.

त्या वर्षी पावसाळ्यात ऑफिसच्या कामाने कुरखेड्याच्या पलीकडे जंगलातल्या एका गावी गेलो. नाल्याला पूर आला, मुक्काम पडला, आणि ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांनी जे घरात होतं ते वाढलं. लालसर भात, तरोट्याची भाजी, जवसाची चटणी. पहिला घास घेतला आणि मी खरोखर दचकलो. भाताला वास होता! धानाच्या गंजीत शिरल्यावर येतो ना, तो. भातालाही स्वतःची काही चव असते, ते नुसतं वरण उचलायचं साधन नव्हे, हे मी इतकी वर्षं साफ विसरलो होतो. मी इतका जेवलो की घरधनीण शेवटी नुसती टोपलीच पुढे सरकवून बाजूला झाली. परतताना मी एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला तांदळाच्या तांबूस सालीबद्दल सांगत बसलो. तो बिचारा गडचिरोलीला जायचं सोडून आरमोरीलाच उतरला.

आणि मग मी घर बदलायला घेतलं. मला काही आवडलं की मी शांत बसत नाही, ही माझी जुनी ख्याती. जंगलातल्या त्याच गावातून एक पडून असलेली ढेकी मिळवली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली. वनस्पतीचा डबा रिकामा झाला त्या दिवशी मी त्यात तुळस लावली. तेलघाण्यावरून जवसाचं तेल आणलं. पहिल्या दिवशी फोडणी इतकी कडक झाली की आम्ही सगळे अंगणात जाऊन खोकत उभे राहिलो. साखर गेली, गूळ आला. पावाऐवजी मुलींना तांदळाचे आयते, म्हणजे तव्यावरची पातळ धिरडी. मोहाची फुलं भाजून, तिळात कुटून लाडू केले, ते त्यांना इतके आवडले की त्यांनी शाळेत वाटले आणि मास्तरांनी मला बोलावून घेतलं. तुमच्याकडे मोह कशासाठी येतो, असं त्यांनी फार सभ्यपणे विचारलं. मी त्यांनाही एक लाडू दिला. दुसरा त्यांनी मागून घेतला.

पण सगळ्यात मोठा बदल आईत झाला, आणि तो मी केलेला नव्हता. सुरुवातीला ती ढेकीकडे बघायचीही नाही. एका धान व्यापाऱ्याच्या अंगणात तिने उमेदीची वर्षं कांडण्यात घालवली होती. तांदूळ व्यापाऱ्याचा, कोंढा त्याच्या गुरांचा, आणि मजुरीत हिच्या पदरात कण्या. मी पाय मारायला लागलो की तिला राहवायचं नाही, "हट तिकडं, तांदूळ फोडून राह्यला," म्हणत ती मला ढकलायची. हळूहळू ती स्वतःच ढेकीवर उभी राहू लागली. पाखडून तांदूळ एका टोपलीत, कणी दुसऱ्या टोपलीत, कोंढा कोंबड्यांना, तूस चुलीला. दोन्ही टोपल्या उचलून ती घरात न्यायची. कणी ठेवताना मात्र जरा थांबायची, एवढं मी पाहिलं होतं.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ती नवं सगळं शिकली, चवीने खाऊही लागली. पण दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस आले तशी तिला काळजी लागली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, संध्याकाळपासून नाटक, आणि ज्याच्या गावची मंडई त्याच्याकडे झाडून सगळे पाहुणे. बोलावणं लागत नाही, जेवू घालणं मात्र लागतं. आमच्या मंडईला तिचा थोरला भाऊ नागपूरहून येणार होता, वहिनीसह, बऱ्याच वर्षांनी.

या भावाबद्दल सांगायला हवं. वडील गेल्यावर यानेच हिला वाढवलं, मॅट्रिकपर्यंत शिकवलं. स्वतः कण्या खाऊन शिकला आणि नोकरी लागल्यावर घरात पहिलं काही आणलं असेल तर पांढऱ्या तांदळाचं पोतं. कपडे पांढरे, भात पांढरा, यात तो तडजोड करत नसे. आपल्या माणसाने मागे वळून त्या जेवणाकडे जाऊ नये, असं त्याचं ठाम मत होतं. आमच्या लग्नात त्याने माझ्याकडून एकच कबुली घेतली होती, की बहिणीला कण्या खायला लावणार नाही.

मी म्हणालो, त्यालाच तर दाखवू. एकदा खाऊ दे, नागपूरला ढेकी नेईल.

ती म्हणाली, "तो बोलणार काईच नाई. पण मी त्याच्या तोंडाकडे पाहीन ना. त्याले वाटन का बहिणीले पुन्हा कण्यांच्याच घरात देल्ली." मग थोडा वेळ चूल सारवत राहिली आणि तिने अट घातली. भावाने ताटात भात तसाच टाकून दिला तर मंडईच्या दुसऱ्या दिवशी ढेकी जळणात जाईल आणि घरात गिरणीचा तांदूळ येईल. मी मान्य केलं. मान्य करताना माझा आवाज इतका उत्साही होता की तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

मंडईच्या दिवशी पाहुणे दुपारी आले. मी जाहीर केलं की आज भात मी रांधणार, बायांनी मंडई बघून यावी. आई सुनेबरोबर आणि वहिनीबरोबर बांगड्या भरायला गेली, भाऊ गावातल्या जुन्या ओळखीच्या लोकांत जाऊन बसला, आणि मी स्वयंपाकघराचा राजा झालो. कोपऱ्यात आईने कांडून ठेवलेल्या तांदळाच्या दोन टोपल्या होत्या. एक गेल्या वर्षीच्या धानाची, एक नुकत्याच कापणी झालेल्या हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, धानाची. मी दोन्हींत नाक घातलं. जुन्याचा वास बरा होता. नव्याचा! नव्याच्या वासाने मला पुन्हा कुरखेड्याच्या पलीकडे नेऊन बसवलं. पाहुण्याला उत्तम तेच द्यावं, असं म्हणून मी नव्याचा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, चुलीवर चढवला.

धानाच्या मुलखात जन्मलेलं लहान पोरही सांगेल की नव्या तांदळाचा भात गिचका होतो. आयत्यांना, खिरीला नवा. पाहुण्यांच्या ताटात जुना. मलाही ते माहीत होतं, नाही असं नाही. पण उत्साहात माणसाला जे माहीत असतं ते वेळेवर हाताशी लागत नाही. शिवाय मी पाणी जुन्याच्या हिशोबाने, म्हणजे जास्तच, घातलं. झाकण काढलं तेव्हा गंजात एक चकाकता तांबूस गोळा होता, आणि त्यात उभी केलेली पळी उभीच राहत होती.

तेवढ्यात सगळे आले. मंडपातून लाऊडस्पीकरवर पेटीचे सूर यायला लागले होते. लवकर जेवून गेलं नाही तर बसायला जागा मिळत नाही, म्हणून सगळ्यांची घाई. भाऊ हातपाय धुऊन पाटावर बसला. बायको आत आली, तिने गंजात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी हळू आवाजात म्हणालो की धावत जाऊन गिरणीवाल्याकडून पांढरा तांदूळ आणतो.

"आणाची गरज नाई," ती म्हणाली, आणि फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात पांढराशुभ्र तांदूळ होता. तिने तो याच दिवसासाठी लपवून ठेवला होता. मला वाटलं, सुटलो. ढेकी गेली तर गेली. मागे दारात आई उभी होती. हातात नव्या बांगड्या होत्या आणि ती गंजातल्या त्या गोळ्याकडे बघत होती.

बायकोने डब्यात हात घातला, सासूकडे पाहिलं, आणि मग हात काढून झाकण लावलं.

त्यानंतर ती जे करत गेली ते मी तोंड उघडं ठेवून पाहत राहिलो. गंजात गरम पाणी ओतून तिने भात रवीने घोटला. पातळ झाला तसं त्यात ताक ओतलं, मीठ टाकलं, आणि जवसाच्या तेलात लसूण आणि लाल मिरची अशी तडतडवली की पाटावर बसलेल्या भावाने मान वळवली. वांगं आणि भेदरं, म्हणजे आमचे टमाटे, निखाऱ्यावर भाजून ठेचले. सुक्या झिंग्यांची चटणी होतीच. पाच मिनिटांत माझा बिघडलेला भात पेज होऊन वाट्यांत पडला. ताटं तिने आणलीच नाहीत.

मी दाराआड उभा राहिलो. तीही उभी राहिली, भावाच्या तोंडाकडे बघत.

त्याने वाटीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर लाऊडस्पीकरवाला कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीबद्दल सांगत होता. मग त्याने एक घोट घेतला, आणि घोट घेऊन वाटी खाली ठेवली. तो घोट घशाखाली जाईपर्यंत बायकोने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"ढेकीचा आहे?" त्याने विचारलं.

आई पुढे आली. हो म्हणाली, मीनंच कांडला.

"कोणाच्या ढेकीवर?"

त्या प्रश्नात काय होतं ते त्या घरात सगळ्यांना कळलं. आईने अंगणातल्या ढेकीकडे बोट केलं. मग म्हणाली, "माह्या."

भावाने मान हलवली. वाटी उचलली, तोंडाला लावली आणि रिकामी करूनच खाली ठेवली. मग ती बहिणीपुढे धरून म्हणाला, "मंग घाल अजून. इतकीशी काऊन वाढली?"

मला आनंदाने काय करावं ते कळेना, म्हणून मीही एक वाटी प्यायलो. वहिनीने चटणी कशाची ते विचारून घेतलं. मुलींनी घाई करून सगळ्यांना उठवलं, तरी भाऊ तिसऱ्या वाटीला बसलाच. म्हणाला, नाटकात पहिला अर्धा तास नुसती नांदीच असते. गंज खरवडायची पाळी आली, आणि पळी बुडेल इतकंही त्यात काही उरलं नव्हतं. आम्ही मंडपात पोचलो तेव्हा अगदी मागे, सायकलींच्या रांगेत जागा मिळाली.

सकाळी पाहुणे एसटीने गेले. आईने भावाच्या पिशवीत स्वतः निवडून जुना तांदूळ भरला, वरून कण्यांचं एक लहान पुडकंही ठेवलं. तो नाही म्हणाला नाही. गाडी वळेपर्यंत आम्ही थांब्यावर उभे राहिलो, आणि परत येताना मी बायकोला सांगायला लागलो, की बघितलंस, मी म्हटलंच होतं, नव्या तांदळाचीच ही करामत, जुना असता तर साधा भातच झाला असता, आता गावात प्रत्येकाने ढेकी बसवली पाहिजे, आपणच सुरुवात करून देऊ, मी जागा दाखवतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. घर आलं तेव्हा फाटक उघडत म्हणाली, "लोकाइले सांगा, तुमचंच डोकं होतं म्हणून. मी नाई म्हणत नाई. पण पुढच्या मंडईले तुमी बांगड्या भराले जा, आन् भात मी रांधतो."