टॉवेलाची घडी

"फळी सरळ आहे. भिंत वाकडी आहे."

"भिंत वाकडी, खिडकी वाकडी, मी वाकडी. तुम्ही तेवढे सरळ."

ओळंबा आणि त्याची बायको यांचं हे भांडण शेजारच्या म्हातारीनं भिंतीआडून ऐकलं आणि तिच्या हातातली भाजी निवडायची राहून गेली. ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो गॅरेजात गाड्यांच्या चाकांचं अलाइनमेंट करायचा, आणि कुठं काही वाकडं दिसलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. नवी फळी मात्र डावीकडे अशी कलली होती, की सगळे डबे गप्पा मारायला एका कोपऱ्यात जमले होते.

भांडण फळीचं, पण दुखणं दुसरंच. जिन्यावरून पडून त्याची कंबर धरली, तेव्हापासून त्याच्या हातच्या गाड्या परत येऊ लागल्या होत्या. गाडी सरळ जाते, स्टेअरिंग तेवढं तिरकं. चाकांचं माप मशीन दाखवतं. पण त्याआधी स्टेअरिंग सरळ धरून अडकवायचं, ते माणसाच्या डोळ्यानं. ओळंबा गिऱ्हाइकांना सांगायचा, रस्त्यालाच उतार आहे.

शेवटी मालक म्हणाला, "आता एक जरी गाडी परत आली, तर तू घरी बस."

हे कळलं तशी बायको डबा द्यायच्या निमित्तानं गॅरेजात गेली आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

"करा तुमचं काम."

त्यानं स्टेअरिंग धरलं. ती मागून बघत राहिली.

"अहो, गाडीला काही झालेलं नाही. तुम्हीच एका अंगावर बसलाय."

"कंबर दुखते. मग काय डोक्यावर बसू?"

तिनं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, घडी घातली आणि त्याच्या डाव्या मांडीखाली सारली. त्याची मान सरळ झाली, आणि डावीकडे कललेलं स्टेअरिंग त्याला स्वतःलाच दिसलं. त्यानं ते सरळ करून अडकवलं. गाड्या परत यायच्या थांबल्या, नोकरी टिकली. फळी तेवढी तशीच राहिली. भिंतीबद्दलचं त्याचं मत काही बदललं नाही.

केस पिकले तरी टॉवेल सुटला नाही. ओळंबा वारला त्याच्या आदल्या दिवशी मालकाच्या मुलीची गाडी पोचवायची होती. त्यानं टॉवेल मांडीखाली घेतला, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग एकदा पाहून घेतलं, गाडी तिच्या दारात लावली, किल्ली दिली, आणि टॉवेल काखेत मारून चालत घरी आला.