पंचवीस डिसेंबरचा पिक्चर

ख्रिसमसचा पिक्चर नेमका कशाला म्हणायचं, यावरून आमच्या घरी एकदा भर दुपारी वाद चालला होता. आमचा आणि ख्रिसमसचा संबंध तो काय? आम्ही बौद्ध. सावंगीच्या एका लेआउटच्या वस्तीत तीन खोल्यांचं घर. पंचवीस डिसेंबर आमच्याकडं वेगळ्याच कारणानं पाळतात. बाईला माणूस न मानणाऱ्या त्या जुन्या ग्रंथाची महाडला याच दिवशी होळी झाली, म्हणून विहारात बायका जमतात, भाषणं होतात. स्त्री मुक्ती दिन म्हणतात त्याला. मी दरवर्षी बोलायची. बरी बोलते, असं लोक म्हणायचे.

म्हणजे आधी म्हणायचे. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्या पलंगाला खिळल्या, आणि मी शाळेतली नोकरी सोडून घरात बसले. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या तोंडानं खणखणीत, पण कमरेखालचं सगळं माझ्या हाती. बेडपॅन मीच द्यायचा. नवऱ्यानं हात लावायचा नाही, "लेकासमोर उघडी पडू का मी?" नातीनं तर मुळीच नाही, पोरीच्या जातीला काय तो देखावा! भाजी आणायला निघाले तरी अर्ध्या रस्त्यात फोन. दोन वर्षांत मी किराणा दुकानाच्या पलीकडं गेले नव्हते. कधीकधी संडासाची कडी लावून मी नुसतीच बसून राहायची. घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

त्या वर्षी विहारातल्या बायकांनी हक्कानं सांगितलं, तीन वाजता कार्यक्रम, आणि तुम्हीच बोलायचं. शेजारची ताई आत्यांजवळ बसायला तयार झाली. तिच्या हातून करून घ्यायला आत्याही कशाबशा हो म्हणाल्या. मी पांढरी साडी इस्त्री करून खुर्चीवर टाकली. आणि सकाळीच ताई दारात, हातात पिशवी. आष्टीला भावाच्या घरी मूल झालं होतं, तिला एसटी धरायची होती. "रागावू नोको वं बाई," म्हणाली आणि गेलीसुद्धा. रागावू नोको! मी साडीकडं पाहिलं आणि कणीक मळायला घेतली. करणार काय?

नवऱ्याला सुट्टी होती. त्याची नोकरी समुद्रपूरला, रोज एसटीचे धक्के, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी त्यानं सोफ्यावरून उठणं म्हणजे आमच्यावर उपकारच. मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिच्या मैत्रिणी कुठकुठल्या राज्यांतल्या, त्यांनी हॉस्टेलच्या दाराला कागदाची चांदणी टांगली होती आणि हिच्या डोक्यात ख्रिसमस शिरला होता. जेवणाआधीच तिनं मोबाइल टीव्हीला जोडला. "आज ख्रिसमस मूव्ही पाहायची म्हणजे पाहायची."

"काऊन? आपण काय ख्रिश्चन आहो का?" नवरा म्हणाला. "आज आपला दिवस आहे. बाईच्या स्वातंत्र्यावरचा पिक्चर लाव एखादा." हे त्यानं पाय टेबलावर पसरून म्हटलं आणि त्याच दमात मला हाक मारली, "अवं, लोणचं आण ना जरा."

मी लोणचं आणलं. आपटलंच म्हणा ना.

मग जुंपली दोघांची. नवऱ्याचं म्हणणं, ज्यात चर्च आहे तो ख्रिसमसचा पिक्चर. मुलगी म्हणाली, आपल्या कितीतरी हिंदी पिक्चरमध्ये हिरो चर्चमध्ये लपतो, ते सगळे ख्रिसमसचे का? बरं, मग बर्फ पाहिजे, तो म्हणाला. बर्फात तर नुसती गाणी पण असतात बाबा, ती म्हणाली. लाल टोपीवाला म्हातारा? तो तर साबणाच्या जाहिरातीतही येतो. आतल्या खोलीतून आत्यांनी तोंड घातलं, "पण त्यात होते काय, ते तर सांगा ना बापा!" मुलीनं सांगितलं. दूरदूर गेलेले सगळे घरी येतात, झाडाला दिवे लावतात, एकमेकांशी भांडतात आणि शेवटी एकत्र जेवायला बसतात.

"अन् सैपाक कोन करते त्यात?" मी ओट्याजवळून विचारलं.

"आई असते ना."

"तं मंग त्यात नवीन काय आहे? हे आपल्या घरी रोजच चालते. बर्फ तेवढा नाई."

आत्या खो खो हसल्या. मुलगी नाही हसली, तिच्यासाठी विषय गंभीर होता. "तसं नाई आई. त्याची एक टेस्ट असते. पिक्चरमधून ख्रिसमस काढून टाकायचा. तरी गोष्ट उभी राहिली, तर तो ख्रिसमसचा पिक्चर नाई. पडली, तर आहे."

नवऱ्याला ही टेस्ट भलतीच आवडली. तो एकेक पिक्चर आठवून तपासायला लागला. हा उभा राहतो. हा पडते पाह्य. हा थोडा हलते, पण राहतो उभा. मी पोळ्या लाटत ऐकत होते. दीड वाजून गेला होता, आणि मला जायचं आहे हे त्या दोघांपैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं. माझं डोकं फिरलं. हातात लाटणं तसंच घेऊन मी बाहेरच्या खोलीत आले.

"मले काढून पाहा," मी म्हणाले. "या घरातून. उभं राह्यते का पडते, ते पाहा."

नवऱ्यानं पाय टेबलावरून खाली घेतले. मग नवरा म्हणाला, "कायले असं करतं वं? जा ना तू. मी कुठं नाई म्हणून राह्यलो?"

"अन् आत्याचं कोन करन?"

"ते..." त्यानं मुलीकडं पाहिलं. मुलीनं मोबाइलकडं पाहिलं.

मला रडूच फुटलं. तरण्या पोरीसमोर रडायची लाज वाटली, पण थांबेना. त्या साडीचासुद्धा राग आला मला, कशाला इस्त्री केली म्हणून.

तेव्हा आत्या आतून ओरडल्या. "जाय तू! पाहू दे त्यायले, पडते का उभं राह्यते. लागलं तं हा करन माहं. लहानपणी याचं मी नाई केलं का?" नवऱ्याचा चेहरा असा झाला की एरवी मी पोट धरून हसले असते. "जाय म्हनलं ना!"

मी गेले. पदराला पिन लावायचीही विसरले. विहारात सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, माइक कुईकुई करत होता, पोट्टे मध्येच पळत होते. मी बोलले. अर्धं आठवत नाही, पण आवाज वर्गात असायचा तसाच निघाला, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तरी हात पिशवीतल्या मोबाइलवरच. फोन आला नाही. चहा झाला, जुन्या मैत्रिणींनी धरून बसवलं, तरी नाही. आधी हायसं वाटलं. मग वाईट वाटलं, अगदी आतून. माझ्यावाचून अडत नव्हतं तर मी दोन वर्षं कशासाठी कोंडून घेतलं होतं? घरी येताना रस्ताभर मी स्वतःला शिव्या घालत आले.

दोघं सोफ्यावरच होती. पिक्चर संपत आला होता, टेबलभर शेंगांची टरफलं. "पाह्य!" नवरा ऐटीत म्हणाला. "घर उभंच आहे. मायनं एकदाबी बोलावलं नाई. तूच उगा टेन्शन घेतं." मुलगी म्हणाली, "आई, आता जात जा ना तू बाहेर." चांगल्या मनानं म्हणाली ती. मलाही वाटलं, जाईन. शाळेत पुन्हा विचारून पाहीन. साडी न बदलताच मी आत्यांना सांगायला आत गेले.

आत्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. डिसेंबरात कपाळावर घाम. चादर मुठीत आवळलेली. मी जवळ गेले तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "दार लाव. लवकर दे वं बाई, आता राहवत नाई."

मी दार लावलं. भांडं दिलं. त्यांना बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "ताई येत नाई म्हनली ना, तवापासून पानी नाई घेतलं मी."

"अवो आत्या, हाक मारायची ना त्यायले!" मी चिडलेच. "तुमीच म्हनल्या ना, लेक करन म्हणून?"

"तसं म्हनलं नसतं तं तू गेली असती का?"

मी त्यांना पुसलं, कूस बदलून दिली, पाण्याचा पेला तोंडाला लावला. पेला एका दमात संपला, दुसराही संपला. बाहेरून नवऱ्यानं हाक मारली, चहा ठेवतं का म्हणून. मी ओ दिली नाही.

"बोलली का पन चांगली?" आत्यांनी विचारलं.

"हौ. लय टाळ्या पडल्या."

"मंग सांग ना मले. काय बोलली ते."

मी पलंगाच्या कडेला बसले. भाषणाचं पहिलं वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. बायांनो, आता आपल्याला कुणी कोंडून ठेवू शकत नाही. आत्या माझ्या तोंडाकडं पाहत होत्या, आणि मला ते म्हणता येईना.