बंद दारातलं गाणं

कश्मिराचा आवाज जाड होता. टोकियोच्या कोतो भागातल्या इंडियन शाळेत प्रार्थनेला बाई तिला मागच्या रांगेत उभं करायच्या, तेव्हा तिला आवाजाची लाजच वाटायची. पुढे कॉलेजात एका मैत्रिणीनं सोल नावाच्या अमेरिकन संगीतातली जुनी गाणी ऐकवली आणि असल्याच आवाजाच्या बायकांना लोकांनी डोक्यावर घेतलंय, हे तिला कळलं. त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना.

बाविसाव्या वर्षी एका छोट्या रेकॉर्ड कंपनीनं तिच्याशी तीन अल्बमांचा करार केला. सही करण्याआधी आईनं, सुचेतानं, विचारलं होतं, "नीट वाचलंस ना गं?"

"दाइजोबु," कश्मिरा म्हणाली. ठीक आहे सगळं.

पहिल्या अल्बममध्ये बहुतेक गाणी इतरांनी गाजवलेली निघाली. उरलेली दोन कंपनीच्या गीतकाराची. तिचं स्वतःचं एकही नाही. "दोन हजार अकराच्या भूकंपापासून लोकांना ओळखीचंच हवं असतं," निर्माते ओकुमुरा-सान अगदी सौम्यपणे म्हणाले. "तुझी गाणी पुढे बघू."

मग रोज स्टुडिओतल्या कपाटाएवढ्या खोलीत, कानांना हेडफोन लावून उभं राहायचं. काचेपलीकडून ओकुमुरा-सान म्हणायचे, "पुन्हा एकदा. मूळ गायिका इथे श्वास घेते, तसाच घे." हळूहळू घरी स्वयंपाक करताना गुणगुणणंही तिनं बंद केलं. तोंड उघडलं की कुणाचा तरी श्वास बाहेर यायचा.

जूनमधल्या एका दुपारी भूकंपाच्या इशाऱ्यानं सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. जमीन हलली. धक्का थांबल्यावर कश्मिरानं दार ढकललं, तर ते चौकटीत घट्ट रुतून बसलेलं. तिनं खांदा लावला, मुठी आपटल्या. दोन हजार अकराला ती शाळेच्या बाकाखाली होती आणि आई संध्याकाळपर्यंत पोचू शकली नव्हती. ती पुन्हा दारावर मुठी आपटू लागली.

"दार उघडायला माणूस येतोय," हेडफोनमधून ध्वनिमुद्रक फुजिनो-सान म्हणाले. "श्वास सोड. गा हवं तर."

ती आपलं गाणं गायला गेली. एक शब्द आठवेना. आलं ते आठवडाभर घोटून घेतलेलं, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं. पण संथ, खालच्या पट्टीत, मध्येच हुंदक्यानं तुटणारं. तिनं ते शेवटपर्यंत गायलं. पहारीनं दार उघडलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसलेली होती.

फुजिनो-साननी सगळं मुद्रित केलं होतं. ऐकून ओकुमुरा-सान म्हणाले, "सूर हललाय. उद्या परत घेऊ."

"नाही." आयुष्यात पहिल्यांदाच ती मोठ्यांना असं तोंडावर बोलली. "हेच राहील. नाहीतर मी उद्या येत नाही."

ओकुमुरा-साननी मान डोलावून होकार दिला.

अल्बम आला, आणि लोकांनी तेवढंच गाणं उचलून धरलं. घराजवळ, तोयोसुच्या सुपरमार्केटात भाजी घेताना सुचेताला ते छतातल्या स्पीकरमधून ऐकू आलं. ती पिशवी तशीच धरून उभी राहिली.

कश्मिराला वाटलं, आता आपलं ऐकतील. ओकुमुरा-साननी हसत दुसऱ्या अल्बमची गाणी तिच्यापुढे ठेवली. सगळी जुनी, सगळी दुसऱ्यांची. "पण या वेळी सगळी तशीच गायची," ते म्हणाले. "घाबरल्यासारखी. तेच तुझं वैशिष्ट्य आहे."

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सुचेता म्हणाली, "सोडून दे."

"कसं सोडू, आई? दोन अल्बम बाकी आहेत." एरवी आईला जपानीत उत्तर देणारी ती त्या दिवशी मराठीत बोलली.

दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या दिवशी त्या खोलीत शिरताना तिनं फुजिनो-सानना विनवलं, "दार थोडं उघडं राहू द्या."

"बाहेरचा आवाज येईल, कश्मिरा-सान."

"येऊ दे ना."

फुजिनो-साननी काचेकडे पाहिलं. ओकुमुरा-सान मान हलवून नाही म्हणाले. मग फुजिनो-साननी तिच्याकडे न बघता दार ओढून घेतलं, आणि हेडफोनमध्ये संगीत सुरू झालं.