काचेतले आबा
निलगिरी तेलाचा वास आला की थोरला भाऊ आठवतो. मुंबईच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि त्याला पूर्णगडच्या घरातच देह ठेवायचा होता. म्हणून सर्वांत वेगवान गाडीने मी त्याला रत्नागिरीला आणत होतो. छातीला तेल चोळलेला तो खिडकीशी, त्याला लागून मी. शेवटच्या लांब बोगद्यात खिडकीच्या काचेचा आरसा झाला. तिच्याकडे पाहत तो म्हणाला, "सरक जरा, आबा उभे हायत." वडिलांना जाऊन कित्येक वर्षे झाली होती. "दादा, काचेत मीच दिसतोय." "तू नाय रे. तुझ्या मागं." मी मान वळवली नाही; सरकलो मात्र. भाऊ घरी पोचला आणि दिवेलागणीला गेला. त्या गाडीने मी आजही प्रवास करतो. शेजारची जागा रिकामी असली, तरी तिच्यावर पिशवी ठेवत नाही.