भूगोलाच्या बाईंचा सल्ला

मी ठाण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते, आणि ही गोष्ट मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळवते. आपत्तींचा धडा तर माझा हातखंडा. घर घ्यायची वेळ आली तेव्हा मी नवऱ्याला शहाडची जागा बघूसुद्धा दिली नाही, कारण नदी जवळ. टिटवाळ्याला नव्या इमारती छान होत्या, पण तिथंही नदी आहेच. डोंगराच्या पायथ्याला दरडीची भीती, खाडीकाठी भरतीची. शेवटी वर्तकनगरला चौथ्या मजल्यावर घर घेतलं आणि वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, हेच घर का, ते जेवणाआधी समजावून सांगितलं. शहाडला तळमजल्यावर राहणारे माझे दीर मान खाली घालून जिलेबी खात होते. तेव्हा ते मला दिसलं नव्हतं, आता दिसतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रात वादळ तयार झालं आणि ते किनाऱ्याकडे निघालं. टीव्हीवर सारखा नकाशा दाखवत होते. त्यावर एक फिकट रुंद पट्टा आणि पट्ट्याच्या मधोमध एक रेघ. रेघेचं टोक बरोबर मुंबई-ठाण्यावर. मी वर्गात दरवर्षी मुलांना सांगते, की रेघेकडे बघू नका, पट्टा बघा. पट्ट्यात कुठंही वादळ शिरू शकतं. त्या दिवशी मी स्वतः मात्र रेघच बघितली. रेघेवर माझं घर होतं.

सोसायटीत एकच गडबड उडाली होती. गच्चीवरच्या शेडचे पत्रे तारेनं बांधले जात होते, कुंड्या आत येत होत्या, लोक बादल्या आणि पिंपं भरून ठेवत होते. जिन्यात भेटेल तो मला थांबवून विचारत होता, "मॅडम, काचांना चिकटपट्टी आतून लावायची का बाहेरून?" खरं सांगायचं तर मला मजा येत होती. एवढा भाव मला कधी मिळाला नव्हता.

मी स्टुलावर चढून खिडकीला पट्टी लावत होते तेव्हा आत्याचा फोन आला. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कोकणात समुद्राजवळच्या गावात एकटी राहते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. कौलारू घर आणि मागे पोफळीची छोटी वाडी. लहानपणी माझी आई आजारी होती तेव्हा वर्षभर मी आत्याकडेच होते. माझ्या उवा काढण्यापासून पाढे घेण्यापर्यंत सगळं तिनं केलं. मी शिक्षिका झाले तेव्हा तिनं गावभर पेढे वाटले होते.

"ऐक गो," ती म्हणाली, "पंचायतीची माणसं आलेली. कौलारू घरातल्यांनी संध्याकाळच्या आत शाळेत चला म्हणतात. शाळेला स्लॅब आहे. जाऊ का मी?"

फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, कात्री हातात. मी म्हणाले, "आत्या, वादळ आमच्याकडे येतंय, तुझ्याकडे नाही. तुला नुसता पाऊस लागेल. शाळेच्या फरशीवर तुझे गुडघे धरतील, आणि तिथं संडासाचे काय हाल असतात ते मला विचार. घरीच थांब निवांत."

"शेजारीण म्हणत होती, काही सांगता येत नाही म्हणून."

"भूगोल मी शिकवते का शेजारीण?"

ती हसली. "बरं, तू म्हणतेस तर थांबते. आणि तू खिडकीपाशी उभी राहू नकोस हो." मी खिडकीपाशीच उभी होते. फोन ठेवला आणि उरलेली काच पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दारं लावून बसलो. वारा सुटला, पाऊस आडवा येऊ लागला, समोरच्या झाडाची फांदी कुणाच्या तरी स्कूटरवर पडली, वीज गेली. पण तेवढंच. दुपारी बातमी आली, की वादळ थोडं खाली सरकून किनाऱ्यावर चढलं. माझा जीव भांड्यात पडला. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "खाली सरकलं. सुटलो आपण." भराभर जोडलेले हात आले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी कांदाभजी पाठवली. तिसरं की चौथं भजं खाताना माझ्या डोक्यात उजेड पडला, की नकाशावर खाली म्हणजे आत्याचं घर.

फोन लागेना. दुसऱ्या दिवशीही लागेना, तिसऱ्याही. "टॉवर पडले असतील गं, ती शाळेत सुखरूप असेल," नवरा म्हणायचा. ती शाळेत नाही हे मला एकटीला माहीत होतं, आणि ते का, हेही. मी त्याला सांगितलं नाही. तो माझी समजूत काढत राहिला आणि मी ती काढून घेत राहिले. मग गावातल्या कुणाचा तरी निरोप आला: जिवंत आहे, हाताला लागलंय. रस्ता मोकळा झाल्यावर ताडपत्री, मेणबत्त्या आणि औषधं घेऊन आम्ही दोघं गाडीनं निघालो.

घर लांबून ओळखूच आलं नाही, कारण वर आकाश होतं. कौलं उडालेली, वासे आत कोसळलेले, पोफळी एकाच दिशेला आडव्या. आत्या शेजाऱ्यांच्या पडवीत खाटेवर बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके. कौलं उडायला लागल्यावर ती मोरीत शिरली आणि वारा थांबेपर्यंत डोक्यावर परात धरून उकिडवी बसून राहिली. वरून आलेलं कौल परातीवर आणि हातावर पडलं. हे तिनं दूध नासल्याचं सांगावं इतक्या साधेपणानं सांगितलं. मग तिनं मलाच विचारलं, "तुमच्या काचा फुटल्या नाहीत ना गो?"

शेजारची सून चहा घेऊन आली. तिच्या मनात साचलेलंच होतं. "ताई, आम्ही दोनदा बोलवायला आलेलो. दुसऱ्या वेळेस तर यांनी हाताला धरून ओढलं. पण काकी जागच्या हलल्या नाहीत."

"का गं आत्या?" नवऱ्यानं विचारलं. त्याच्या मनात काहीच नव्हतं.

मी कपाकडे बघत होते. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ मिळाला होता, अगदी भरपूर. आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "हट्ट माझा, दुसरं काय. घर सोडवेना."

आणि मी म्हणाले, "हट्टीच आहे ती, पहिल्यापासून."

सगळे थोडे हसले. आत्याही हसली. त्या क्षणी मला स्वतःची शिसारी आली, तरी मी चहा संपवला.

सुनेनं रिकामे कप उचलले आणि दाराशी थांबली. "ताई, तुम्ही शाळेत हेच शिकवता ना? पुढच्या वेळेस आम्ही काय करायचं, सांगून ठेवा ना. इथं कुणाला काही कळत नाही." आवाज ऐकून आणखी दोघीतिघी पडवीच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"हो, विचारा तिला," आत्या म्हणाली. "हिला सगळं कळतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिचा चेहरा नीट पाहिला. मला टोमणा सापडायला हवा होता.

मी पदर खोचला आणि सांगायला लागले. नकाशावरची रेघ बघायची नाही, पट्टा बघायचा. कौलारू घरात कुणीही थांबायचं नाही. बोलवायला आले की लगेच शाळेत जायचं, आणि लांब बसलेल्या कुणाला फोन करून विचारत बसायचं नाही. आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ लागला होता. आत्या प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती.